शून्य दिवसांच्या अंतराने पाणी

धोंडसांगवी नगरपंचायतीच्या हद्दीत नळाला आठ दिवसांनी पाणी येते, ही बाब सर्वांनाच मान्य होती. तक्रार वेगळी होती. वेळापत्रकात कधी चुकून नववा दिवस लिहिला जाई, कधी अकरावा, आणि तो उगवेपर्यंत गाव हंडे मांडून बसे. उमादेवींची खाणावळ अशा चुकांपायी दोनदा बंद पडली होती. हात धुवायला पाणी नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक भाकरीला हात लावील कशाला?

शेवटी त्यांची लेक शिवरंजनी ओढणी खोचून पुढं झाली. पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करणारी ही पोरगी संगणकाच्या फंक्शनल भाषेत प्रोग्राम लिहायची, आणि त्या भाषेतल्या टाइपवर, म्हणजे कुठला आकडा चालेल नि कुठला नाही हे आधीच बांधून टाकणाऱ्या साच्यावर, तिचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. तिनं ‘आठच्या चक्रातला दिवस’ असा नवा टाइप केला. त्यात शून्य ते सात एवढेच दिवस. आठवा आला की पुन्हा शून्य. कुणी साधा आकडा त्यात मिसळू पाहिला, तर प्रोग्राम चालायलाच नकार देई.

“नववा दिवस आता लिहिताच येणार नाही,” तिनं पाणीपुरवठा अभियंता हिंमतरावांना सांगितलं.

“म्हंजी नववा दिवस न्हायच?”

“या टाइपात नाही.”

“अन् आठ म्हंजी शून्य?”

“हो.”

हिंमतराव पडद्याकडं भक्तिभावानं पाहत राहिले. उभ्या नोकरीत त्यांना इतकं समजूतदार यंत्र भेटलं नव्हतं.

पुढच्या अहवालात लिहिलं गेलं, ‘नागरिकांना शून्य दिवसांच्या अंतराने पाणीपुरवठा होतो.’ वरून शाबासकी आली. मग पाणी सोळा दिवसांवर गेलं. सोळाचंही शून्यच. चोवीसचंही शून्यच. अहवालातला एक शब्द बदलावा लागला नाही.

चोविसाव्या दिवशी उमादेवी तणतणत कार्यालयात गेल्या. हिंमतरावांनी यंत्राला विचारलं.

“शून्य दिवस झालेत, मावशी. तक्रार करायला निदान एक दिवस तरी थांबा की.”

त्या दुसऱ्या दिवशी गेल्या.

“एकच दिवस झालाय. कालच तर आलंय तुमचं पाणी!”

घरी येऊन उमादेवींनी लेकीला फैलावर घेतलं. “लई शिकलीस, रंजे. हितं पीठ मळायला बी जारचं पाणी इकत घ्यावं लागतंय, अन् तुझं यंत्र म्हनतंय कालच आलं!”

शिवरंजनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं टाइप बदलला. आता तो किती चक्रं कोरडी गेली हेही लक्षात ठेवू लागला. हिंमतरावांनी हरकत घेतली नाही; सुधारणेचीही शाबासकी मिळते. बसस्टँडसमोरच्या नगरपंचायतीच्या पाटीवर खरा आकडा झळकला: ‘पाणी येऊन झालेले दिवस: बत्तीस.’

गाव पेटलं. मोर्चा निघाला, तो थेट खाणावळीवर आला.

“माझ्या पोरीला बघायला पाव्हणे आलते,” मोर्चातली दगडाबाई ओरडली. “एसटीतून उतरून पाटी वाचली, अन् त्याच गाडीनं माघारी गेले!”

“गावाची अब्रू चव्हाट्यावर मांडली,” किराणा दुकानदार गौरीशंकर म्हणाले.

“अहो, पण पाणी तर आधीही नव्हतं!” शिवरंजनी म्हणाली.

“पन आकडा तर न्हवता!”

शिवरंजनीनं आशेनं आईकडं पाहिलं. खाणावळीत एकही ताट मांडलेलं नव्हतं. येडशी आणि माकणीहून शिकायला आलेली पोरं आतापर्यंत जारच्या पाण्यावर गुपचूप जेवत होती. पाटी वाचल्यापासून, इथं भांडी कशानं धुतात या शंकेनं, ती घरून डबे आणू लागली होती.

“अव्वा, तू तरी सांग यांना.”

उमादेवी खाली मान घालून म्हणाल्या, “शून्यच टाक, बाई. त्या शून्यावर माझी चूल पेटत व्हती.”

तिनं शून्य टाकलं. गाव समाधानानं पांगलं. पाणी कधी सोडणार, हे जाता जाताही कुणी विचारलं नाही.

वाचकहो, या गावाला हसून झालं असेल, तर आपल्या नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते दारावर मोठ्या अक्षरांत लिहा. पाहुणे यायच्या दिवशी पुसायचं मात्र नाही.