मास्तर पेशंट होतात

घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी दवाखान्यात बैठक होती. टेलर मास्तर बायकोला घेऊन आले ते एकच गोष्ट मागायला. आठवड्यातून दोन तास कोणीतरी तिच्यापाशी बसावं, म्हणजे आपल्याला झोपता येईल. तिला हल्ली कशाचीच आठवण राहत नसे; जरा नजर चुकली की बाई घराबाहेर. मुलाने फोनवर एकच धोशा लावला होता, "बाबा, आईला संस्थेत ठेवा." मास्तरांना त्यापेक्षा जागरण परवडत होतं.

घोटाळा झाला तो मास्तरांच्याच हौसेपायी. बायकोच्या अंगावर कडक इस्त्रीचे कपडे, केस चापूनचोपून विंचरलेले, एक बटण ढिलं नाही. स्वतःचा सदरा मात्र उलटा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दारातल्या नर्सबाईंनी दोघांना एकदा न्याहाळलं आणि बायकोला मानाने खुर्ची दिली.

"आजी, तुम्ही बसा बैठकीला. आजोबांना आम्ही बघतो."

"अहो बाई, पेशंट मी नाही, ही आहे!"

"बरं बरं. आज वार कोणता, आजोबा?"

मास्तर गडबडले. ज्याला सुट्टीच नाही, त्याने वार लक्षात ठेवून करायचं काय? "मंगळ... छे, गुरुवार असेल."

सोमवार होता. निदान हिची औषधं तरी दाखवावीत म्हणून त्यांनी खिशात हात घातला, तर निघाल्या केसांच्या पिना, एक मोजा आणि बायकोने वाटेत काढून दिलेली कवळी.

"ही माझी नाही!" मास्तर ओरडले.

"फार चिडतात का हो हे?" नर्सबाईंनी हळूच विचारलं.

"चिडतात," बायको समजूतदारपणे म्हणाली. "पण मनाने चांगले आहेत. वेळेवर खात नाहीत एवढंच."

पुढे बोलायची सोयच उरली नाही. "पाच मिनिटं पडा, मग बोलू," म्हणत नर्सबाईंनी त्यांना शेजारच्या खोलीतल्या खाटेवर आडवं केलं. तावातावाने उठायचं म्हणून मास्तरांनी आधी उशीवर डोकं टेकलं, आणि तिथेच घोरू लागले.

जाग आली तेव्हा बैठक संपली होती. ते अनवाणीच धावत बाहेर आले. बायको जागेवर होती. नर्सबाई तिचा हात धरून बसल्या होत्या.

"चुकलं आमचं, आजोबा. आजींनी चारदा विचारलं, मी कुठे आले म्हणून. तेव्हा कळलं." त्या खाली बघत म्हणाल्या, "दर सोमवारी आणा त्यांना. आम्ही बसू त्यांच्यापाशी. तुम्ही झोपा."

मास्तरांना रडू फुटलं, आणि ते काही त्यांना आवरेना.

बायकोने नर्सबाईंची बाही ओढली. "बाई, हे गृहस्थ दिवसभर माझं करत असतात. फार दमतात हो. आता सोडा त्यांना. घरी त्यांची बायको वाट बघत असेल."

मास्तरांनी डोळे पुसले.

"हो," ते म्हणाले, "निघतोच आता." आणि वाकून तिच्या पायात चपला घालू लागले.