दुष्फेन नाना

लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात. आमचे शेजारी नाना साबणाचा तुकडा ठेवत. कोणाकडेही गेले की टेकायच्या आधी काचेची बाटली मागायचे. तिच्यात नळाचं पाणी, त्यात साबणाचा कीस, आणि मग बाटली कानाशी धरून हलवायची. फेस आला तर "सज्जन पाणी!" नुसती पांढरी साय धरली, तर चार घरांना ऐकू जाईल असं "दुष्फेन!" म्हणजे जड पाणी, शाळेच्या पुस्तकातला शब्द. पुतणीसाठी धुळ्याला स्थळ बघायला गेले, तिथेही मुलाची नोकरी विचारायच्या आधी बाटली हलवली. नाना रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. लोक त्यांना 'दुष्फेन नाना' म्हणत, आणि पदवी मिळाल्यासारखे ते त्या नावाला ओ देत.

ऐंशीच्या दशकात मी चोपड्याहून लग्न होऊन जळगावच्या या कॉलनीत आले. सासरचं बिऱ्हाडही जुन्या गावातून इथे नुकतंच आलं होतं. पहिल्याच वरण-बट्टीला पाहुणे जमले आणि डाळ काही शिजेना. ताटात दाणे छर्ऱ्यांसारखे वेगळे. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बठ्ठी डाळ कच्ची शे! मायनी काय शिकाडं हिले?"

सगळी डाळ कच्ची, आईने हिला शिकवलं तरी काय, असं आईचं नाव निघालं आणि मला रडू फुटलं. माहेरी माझ्या वरणाला सगळे नावाजायचे.

पंगतीत नाना होते. खरकट्या हातानेच उठले. "अक्का, पोरीला बोलू नका. आरोपी नळात आहे!"

कॉलनीच्या नळाला बोअरचं पाणी यायचं. दुसऱ्या दिवशी नाना सायकलला कळशी अडकवून गावातल्या नळाचं पाणी घेऊन आले. दोन स्टोव्ह, दोन पातेली, डाळ एकच, शिजवणारी मीच. अंगणात बायकांची ही गर्दी! गावच्या पाण्यातली डाळ लोण्यासारखी विरघळली. आमच्या पाण्यातली डोळे वटारून बसली.

"जमिनीतला चुना पाण्यात उतरतो," नाना वर्गात उभे असल्यासारखे म्हणाले. "तो साबणाला फेस येऊ देत नाही आणि डाळीला मऊ होऊ देत नाही."

सासूबाईंनी दोन्हीकडचे दाणे बोटांनी दाबून पाहिले. मग सगळ्या बायकांकडे वळून ठणकावलं, "चूक पाणीनी शे, मनी सूननी नई!"

'मनी सून', माझी सून! त्या घरात हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. माझी मान अशी ताठ झाली की पदर सावरायचंही सुचलं नाही.

बायका पांगल्यावर सासूबाईंनी नानांना जेवायला बसवलं. मऊ वरण मी वाढलं. दोन घास खाऊन ते थांबले.

"आमच्या हिनं जन्मभर याच पाण्यात डाळ शिजवली," खाली बघत म्हणाले. "मी शाळेत दुष्फेन पाणी शिकवायचो आणि घरी येऊन ताट सरकवायचो. ती गेल्यावर स्वतः डाळ लावली, तेव्हा उमगलं."

सासूबाईंचा वारा घालणारा हात थांबला.

नानांनी वाटी पुढे केली. "वाढ अजून थोडं. छान झालंय," म्हणाले, आणि मग अगदी हळू, "तिला हे कधी म्हटलंच नाही गं."