किमान तीन बालसुलभ त्रुटी

इयत्ता नववीला ‘प्राचीन ग्रीक कलेचा विकास’ हा वीस गुणांचा प्रकल्प देण्यात आला, तेव्हा मस्कतमधला उन्हाळा नुकता ओसरला होता आणि कोणाचं कोणाशी वैर नव्हतं. शाळेच्या परिपत्रकात अकरा नियम होते. सातवा नियम असा: प्रकल्प संपूर्णपणे विद्यार्थ्याने स्वतःच्या हातांनी केलेला असावा व तसे हमीपत्र पालकांनी सही करून द्यावे. आठवा असा: प्रदर्शनाच्या दर्जाला न पोचणारा प्रकल्प स्वीकारला जाणार नाही. दोन्ही नियम एकाच पानावर, एकाखाली एक, गुण्यागोविंदाने नांदत होते.

‘अ’ तुकडीला चित्रकला मिळाली, ‘ब’ला मातीची भांडी आणि ‘क’ला शिल्पं. ग्रीकांनी भिंतींवर रंगवलेल्या चित्रांपैकी आज जवळजवळ काहीच उरलेलं नाही, त्यामुळे ‘अ’ तुकडीचं मूल्यमापन सर्वांत सुरळीत पार पडलं. तुलनेला मूळच नसल्याने सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळाले. प्रणाली ‘ब’ तुकडीत होती.

तिची आई नंदा बांधकामाचा माल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. काँक्रीटचे ठोकळे अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे, मग यंत्रात घालून फुटेपर्यंत दाबायचे, फुटताना आलेला आकडा लिहायचा आणि खाली सही करायची, हे काम ती बारा वर्षं करत होती. ठेकेदार म्हणत, “मॅडम, पुढच्या वेळी इन्शाल्ला पास होईल, आज लिहून टाका.” नंदा म्हणे, “पुढच्या वेळी झाला की पुढच्या वेळी लिहीन.” अशा बाईने सातवा नियम वाचला आणि तो खरा मानला. पुढे जे घडलं त्याचं मूळ या एका चुकीत आहे.

“आपण हात लावायचा नाही,” तिने नवऱ्याला बजावलं.

दयानंद इंजिनिअर होता. त्याने तोपर्यंत कॉम्प्युटरवर भांड्याचा उभा छेद काढायला घेतलाही होता. “अगं, मी फक्त सेंटर लाइन देतो.”

“नाही.”

“ग्रीकांनासुद्धा कोणीतरी दिली असेल.”

“त्यांच्या आईने हमीपत्र लिहून दिलं नव्हतं.”

शुक्रवारच्या सुट्टीत तिघंजण वादी अदाईतल्या घरून दोन तास गाडी चालवून बहला गावी गेले. तिथे अजून कुंभार आहेत. एका म्हाताऱ्या कुंभाराने प्रणालीला चाकावर बसू दिलं. पहिली दोन भांडी बसली. तिसरं उभं राहिलं, जरासं डावीकडे कलून, आणि त्याला दोन्ही बाजूंना धरायचे दोन कान बसले. गळ्याभोवती तिने नागमोडी रेघा काढल्या, कारण ग्रीकांनी सुरुवात रेघांपासूनच केली होती. त्याखाली काळ्या रंगात चार बकऱ्या आल्या. त्यांतल्या एकीला पाच पाय झाले. पुढचा पाय आधी चुकीच्या जागी आला, मग बरोबर जागी आला, आणि आधीचा तसाच राहिला. भट्टीत हवा कोंडली की मातीतलं लोखंड काळं पडतं आणि हवा मोकळी सोडली की लाल होतं, एवढं मात्र नंदाने तिला समजावून सांगितलं. नियमांत समजावण्याला बंदी नव्हती.

भट्टीत घालण्याआधी प्रणालीने भांडं उलटं केलं.

“आई, काही ग्रीक पॉटर्स पॉटवर लिहायचे, माहितीये? म्हणजे पॉट स्वतःच बोलतं, की अमक्याने ‘मेड मी’. सो स्वीट ना? मराठीत काय म्हणतात, मेड मी?”

“मला घडवलं.”

प्रणालीने खिळ्याने बुडाशी कोरलं: प्रणालीने मला घडवलं. पंधरा वर्षांत तिने आपणहून लिहिलेलं हे पहिलं मराठी वाक्य होतं.  नंदाने गाडीतून पाण्याची बाटली आणण्याचं निमित्त केलं.

भांडं शाळेत पोचलं आणि दुसऱ्याच दिवशी नंदाला बोलावणं आलं. वसुंधरा मॅडम कलाशिक्षिका होत्या आणि मूल्यमापन समितीच्या सचिवही. मूळच्या पुण्याच्या.

“नंदाताई, तुमच्याशी म्हणून मराठीत बोलते. याचे कान सारखे नाहीत.”

“मुलीने केलेत.”

“ते दिसतंयच. तीच तर अडचण आहे. समोर ठेवलं की मुलीने केल्यासारखं दिसतं.” मॅडमनी फाइल उघडली. “आणि हे शेवटचं पान काढून टाका.”

त्या पानावर प्रणालीने घरातल्या बुद्धाच्या तसबिरीचा फोटो चिकटवला होता. ग्रीक मूर्तींच्या वस्त्राला जशा चुण्या असतात, तशाच गांधारच्या या बुद्धाच्या चिवराला आहेत, असं तिच्या लक्षात आलं होतं. रोज जिच्यासमोर हात जोडायचे, ती तसबीर तिने पहिल्यांदा नीट पाहिली होती.

“पण हे खरं आहे,” नंदा म्हणाली.

“खरं असेल हो. ग्रीस हा एक धडा, बुद्ध हा दुसरा. मधला रस्ता सिलॅबसमध्ये नाही.”

भांडं नाकारलं गेलं. पण आठवड्याभरात बाकीची एकोणचाळीस भांडी जमा झाली आणि समितीपुढे उलटाच पेच उभा राहिला. एकोणचाळीस भांड्यांना एकच घाट होता, एकच उंची होती आणि एकाच कोनात भाला धरलेला एकच योद्धा होता. बाहेरच्या पाहुण्यांना उगाच शंका यायची. तेव्हा दुसरं परिपत्रक निघालं. सर्व भांडी परत करण्यात येत असून, ती विद्यार्थ्यांनीच केल्याचे प्रथमदर्शनी वाटावे यासाठी प्रत्येक भांड्यात किमान तीन बालसुलभ त्रुटी असणे अनिवार्य आहे. त्रुटी सुबक असाव्यात.

‘क’ तुकडीचे हाल याहून वाईट होते. थाळीफेक करणारा ग्रीक खेळाडू विवस्त्र असल्याने समितीने त्याला मान्यताप्राप्त पोशाख घालण्यास सांगितलं. शाळेत मान्यताप्राप्त पोशाख एकच, तो म्हणजे पीटीचा युनिफॉर्म. बत्तीस खेळाडूंना पांढरी हाफ पँट शिवण्यात आली. हात तुटलेल्या देवींचे प्रकल्प ‘अपूर्ण’ शेरा मारून परत गेले. त्यांना हात बसवले, तेव्हा हात रिकामे का, अशी पृच्छा झाली. मग त्या हातांत ‘पाणी वाचवा’ असे फलक देण्यात आले.

दुसरं परिपत्रक आलं त्या दुपारी नंदा शाळेच्या आवारात परत आलेलं भांडं गाडीत ठेवत होती. मागून आशुतोषची आई श्यामला आली. तिच्या हातात योद्धा होता.

“रुवीकडे निघालीस का गं? मला हमरियात सोड. हुसैनमियाँकडे जायचंय. बघ ना, आता म्हणतात चुका करून आणा. मी म्हटलं, आधी सांगितलं असतं तर आशुतोषनेच केल्या असत्या.”

“मग आता करू दे की.”

“वेडी आहेस का? त्याचे क्लासेस असतात.”

हुसैनमियाँ मुरादाबादचे. हमरियात त्यांचं ट्रॉफ्या आणि नावाच्या पाट्यांचं दुकान होतं, पण खरा धंदा शाळांच्या प्रकल्पांचा. ग्रीकांना जे साधायला काही शतकं लागली, ते त्यांच्या दुकानात आठ दिवसांत झालं होतं. शनिवारी रेघा आणि त्रिकोण. सोमवारी काळ्या आकृत्या. मंगळवारी पार्श्वभूमी काळी झाली आणि आकृत्या लाल. बुधवारी पुतळ्यांनी अंगाचा भार एका पायावर घेतला. गुरुवारी पालकांचे फोन सुरू झाले आणि चेहऱ्यांवर वेदना उमटू लागली.

आज ते डोकं धरून बसले होते.

“मॅडम, बीस साल लगे हाथ सीधा करने में. अब बोलते हैं टेढ़ा करो. मैं टेढ़ा करता हूँ, तो वो भी नाप का टेढ़ा आता है.” मग श्यामलाच्या मागे उभ्या असलेल्या नंदाने गाडीत फुटू नये म्हणून बरोबर आणलेल्या भांड्याकडे त्यांची नजर गेली. त्यांनी ते घेतलं, फिरवलं, बकरीवर बोट ठेवलं. “ये पाँचवाँ पैर किसने सोचा?”

“माझ्या मुलीने. म्हणजे, मेरी बेटी ने. सोचा नाही, हो गया.”

“वही तो. ये मेरे से नहीं होगा.” त्यांनी भांडं नंदाला परत दिलं. “मॅडम, दो दिन छोड़ के जाओ. सिर्फ सामने रखूँगा. देखूँगा.”

कोणता ठोकळा किती दाबाला फुटतो, हे नंदा नुसतं पाहून सांगत असे. आई किती दाबाला फुटते, हे तिने कधी तपासलं नव्हतं. ज्या भांड्याला शाळेने परत धाडलं, त्याच्यापुढे वीस वर्षं मुरलेला कारागीर मान खाली घालून बसला होता.

“ठेव गं,” श्यामला म्हणाली. “सँपल तर आहे.”

नंदाने भांडं ठेवलं.

दोन दिवसांनी ते जसंच्या तसं परत मिळालं. रविवारी, म्हणजे तिथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रणालीने ते पुन्हा जमा केलं आणि या खेपेला ते मुकाट्याने स्वीकारलं गेलं. नंदाला वाटलं, जिंकलो.

प्रदर्शनाच्या दिवशी ती हॉलमध्ये शिरली आणि दारातच थांबली. लांबच लांब टेबलावर चाळीस भांडी डावीकडे कलून उभी होती. प्रत्येकाचा उजवा कान डाव्यापेक्षा मोठा होता. प्रत्येकावर चार बकऱ्या होत्या आणि तिसरीला पाच पाय. नंदाने सवयीने हिशेब केला: एकशे साठ बकऱ्या, सहाशे ऐंशी पाय.

“आई,” प्रणालीने हळूच विचारलं, “यातलं माझं कुठलं?”

प्रमुख पाहुणे फार खूश झाले. किती निरागस, किती उत्स्फूर्त, असं ते प्रत्येक भांड्यापाशी म्हणाले. मग आपल्याकडच्या कोणत्याही सभ्य माणसाप्रमाणे त्यांनी एक भांडं उचलून उलटं केलं, ते कुठल्या देशात बनलंय ते पाहायला.

“हे काय लिहिलंय?”

वसुंधरा मॅडमनी वाचलं: प्रणालीने मला घडवलं. त्यांनी शेजारचं उलटं केलं. प्रणालीने मला घडवलं. त्याच्या शेजारचं केलं. हुसैनमियाँना देवनागरी लिपी वाचता येत नव्हती. बुडाची ती ओळ त्यांनी नक्षी समजून, वेलांटीही न चुकवता, मोठ्या आदराने उतरवली होती.

मंगळवारी चौकशी बसली. समितीच्या टेबलाच्या एका बाजूला प्राचार्य आणि वसुंधरा मॅडम, दुसऱ्या बाजूला नंदा आणि प्रणाली.

“एका विद्यार्थिनीने संपूर्ण तुकडीचे प्रकल्प करून देणं,” प्राचार्य म्हणाले, “हे शाळेच्या इतिहासात प्रथमच घडतंय.”

“पण एकोणचाळीस पालकांनी लिहून दिलंय की त्यांच्या मुलांनी स्वतः केलं,” नंदा म्हणाली.

“म्हणून तर पालकांवर आम्ही अविश्वास दाखवू शकत नाही.”

“मग भांड्यांवर हिचं नाव आहे ते?”

“भांड्यांवरही दाखवू शकत नाही.”

नंदाने पर्समधून खिळा काढला. “सर, साधी परीक्षा आहे. ती एकोणचाळीस प्लास्टरची आहेत. खिळ्याने ओरखडा काढा, आत पांढरं निघेल. हिचं एकच भाजलेल्या मातीचं आहे.”

प्राचार्यांनी मान डोलावली. “म्हणजे एकोणचाळीस नमुने एका मालाचे आणि एक वेगळ्याच मालाचा. मॅडम, तुम्ही तर याच क्षेत्रातल्या. सदोष नमुना कुठला, ते तुम्हीच सांगा.”

बाहेरच्या बाकावर श्यामला बसली होती. नंदा दारापर्यंत जाऊन म्हणाली, “तू तरी सांग गं आत येऊन. तू होतीस ना तिथे.”

“मी सांगितलं असतं गं,” श्यामला म्हणाली. तिच्या आवाजात खरंच दुःख होतं. “पण हमीपत्रावर माझी सही आहे. ती खोटी ठरली तर आशुतोषला काय वाटेल?”

निकाल असा लागला. एकोणचाळीस विद्यार्थ्यांना वीसपैकी अठरा. आपला प्रकल्प दुसऱ्याला करू दिल्याबद्दल नव्हे, तर बुडाशी आपलं नाव न घातल्याबद्दल दोन गुण कापले. प्रणालीला शून्य. मात्र पालकांनी एक लेखी हमी दिल्यास समिती सहानुभूतीने विचार करून तिला सात गुण देऊ शकते, म्हणजे ती पास होईल. कागद तयारच होता: यापुढे माझी मुलगी शाळेचा कोणताही प्रकल्प स्वतःच्या हातांनी करणार नाही.

नंदाने तो तीनदा वाचला. बारा वर्षांत तिने खोट्या कागदावर सही केली नव्हती.

“आई, साइन कर ना,” प्रणाली म्हणाली. “खलास. मला क्ले नकोच आता.”

नंदाने सही केली. कागद खरा होता.

प्रदर्शनानंतर ती चाळीस भांडी ज्याच्या-त्याच्या ताब्यात देण्यात आली. गडबडीत कुणाला कुठलं मिळालं, याची नोंद नाही. त्यातली काही मस्कतमधल्या माबेल्याच्या फ्लॅटमध्ये टीव्हीशेजारी आहेत. काही उन्हाळी सुट्टीत सामानातून पुण्याला, ठाण्याला गेली आणि आजी-आजोबांच्या शोकेसमध्ये नातवाच्या हातची म्हणून उभी आहेत. तुमच्याही घरी कुणाच्या तरी बालपणीची अशी एखादी बक्षीसपात्र वस्तू असेल. घरात कोणी नसताना ती जरा उलटी करून पाहा. बुडाशी एखादं अनोळखी नाव निघेल, किंवा तुमचंच निघेल. मग ती पहिल्यासारखी सुलटी ठेवा, नाव खाली जाईल अशी. सवय असल्याने तुम्हाला जमेल.