मागचं टोक

मुरलीधर शेलारची होडी दर आठवड्याला हातभर लांब होत असे. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते ताडपत्रीमुळे. होळीच्या सुमारास घेतलेली ताडपत्री होडीवर टाकली की दोन्ही टोकांना दुमडायला उरायची. अक्षय्यतृतीयेला तीच ताडपत्री पुरेना. लाकूड पाण्यात फुगतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ही होडी पत्र्याची होती. मुरलीधरने सगळं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपात पत्रा ठोकण्यात घालवलं होतं. त्याने होडी बोटांनी वाजवून पाहिली, सांधा कुठे उकललेला नाही याची खात्री करून घेतली आणि बाजारातून मोठी ताडपत्री आणली.

तळवणीचं धरण एवढं मोठं की पैलतीरावरचं बोरगाव धुकं असलं तर दिसतच नाही. दर रविवारी सकाळी तिघं मित्र तिथे मासे धरायला जात. मुरलीधर, बसस्टँडसमोर शिवणकाम करणारा जब्बार मुलाणी आणि प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले अंतू मास्तर. मास्तर जन्माचे शाकाहारी. मासा धरण्यात पाप नाही, खाण्यात आहे, असं त्यांचं मत होतं. आणि त्यांच्या वाटणीचा मासा जब्बारच्या घरी जात असल्यामुळे या मताला जब्बारचा पूर्ण पाठिंबा होता.

काठावर गळ टाकून बगळ्यासारखं बसणं तिघांनाही नामंजूर. त्यांची रीत वेगळी होती. होडी संथ चालवत ठेवायची, मागे लांब दोरी सोडायची आणि दोरीच्या टोकाला घरातला स्टीलचा चमचा, भोक पाडून, गळासकट बांधायचा. पाण्यातून ओढला की चमचा जखमी माशासारखा लचकत जातो, आणि खोल पाण्यातला महाशीर त्याच्या मागे लागतो. जब्बारच्या बायकोने घरातले चमचे मोजायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

या प्रकारात एकाला मागच्या टोकाला बसून इंजिनाचा दांडा धरावा लागतो. त्याच्या हाती दोरी येत नाही. ते काम मुरलीधरचं. त्याची भरपाई म्हणून एक रिवाज होता. दिवसाचा पहिला मासा लागला की तो मागे मुरलीधरकडे यायचा आणि त्याच्या तोंडातला गळ मुरलीधरनेच पकडीने काढायचा. थर्मासच्या झाकणातला पहिला चहाही मागेच यायचा, वाफाळता. बायको गेल्यापासून सोमवार ते शनिवार मुरलीधर कुणाशी फारसं बोलत नसे. बोलण्यासारखं काही सुचलं तर ते तो रविवारसाठी राखून ठेवायचा.

होडी वाढू लागली तेव्हा सुरुवातीला सगळे खूशच झाले. दोऱ्या एकमेकींत अडकेनात. पाय लांब करता येऊ लागले. मास्तर म्हणाले, "आता कसं, ज्याला त्याला आपापली जागा मिळाली." मुरलीधरलाही ते पटलं.

पावसाळ्यात होडी हातभराऐवजी दर आठवड्याला दहा-दहा हात वाढू लागली आणि इतकी लांबली की एकमेकांशी मोठ्याने बोलावं लागू लागलं. तेव्हा तिघांनी मागच्या टोकाला एकत्र बसून पाहिलं. पुढचं टोक लगेच उचललं गेलं. मग त्यांनी पुढे वाळूची पोती ठेवली. टोक खाली आलं, पण धरणाच्या पोटात जुन्या झाडांचे बुंधे उभे आहेत आणि होडी थेट त्यांतल्या एकावर गेली. कुणीतरी पुढे बसून नजर ठेवणं भाग होतं.

"वाळूला डोळे नसतात," मास्तर म्हणाले, आणि ते पुढे जाऊन बसले.

जब्बार मध्यावर बसू लागला. इकडचं बोलणं तिकडे आणि तिकडचं इकडे पोचवण्याचं काम त्याने काही रविवार इमानाने केलं. पण होडी दोन्ही अंगांनी लांबत होती, त्यामुळे मध्यसुद्धा दोन्ही टोकांपासून लांब जात होता. एका रविवारी तो चालत मागे आला, आणि फळीवर बसला.

"मुरल्या, आता मला एक टोक धरायला लागतंय बग."

"मग धर की हितलं."

"मास्तरला नीट दिसत न्हाई रं. डोळ्यात मोतीबिंदू हाय. बुंध्याला होडी म्हणतोय आन् होडीला बुंधा. तू काय, एकटा सांभाळतोस."

जो सांभाळतो त्यालाच सांभाळायला सोडून जातात, ही जगाची रीत आहे. मुरलीधरने दांडा घट्ट धरला आणि म्हणाला, "जा, जा. मला काय हुतंय?" त्याला व्हायचं ते झालंच होतं. पण हे वाक्य तोंडातून गेल्यावर परत घेता येत नाही.

त्यानंतर पुढच्या टोकाकडून आधी हसणं ऐकू यायचं. मुरलीधर ओरडून विचारायचा, "काय झालं?" बऱ्याच वेळाने उत्तर यायचं, "काय न्हाई!" विनोद मागच्या टोकापर्यंत टिकत नसे.

एक गोष्ट मात्र त्याच्या वाट्याला आली. पुढून सोडलेल्या दोऱ्या होडीच्या कडेने मागे येत आणि त्यांचे चमचे नेमके त्याच्या शेजारून लचकत जात. महाशीर वर येताना, चमच्याला तोंड मारताना त्याला हाताच्या अंतरावर दिसे. "लागला!" म्हणून तो ओरडे. पुढे दोरी ताणली जाईपर्यंत ते त्याला एकट्यालाच माहीत असे. मग मासा त्याच्या डोळ्यांदेखत ओढला जाई, पुढे, पुढे, आणि दिसेनासा होई. पहिला मासा घेऊन जब्बार दोन-तीनदा चालत मागे आला, पण येईपर्यंत मासा मरून गेलेला असायचा आणि जब्बारचे गुडघे बोलायला लागायचे. एका रविवारी तो आलाच नाही. गळ काढायला मास्तर शिकले होते.

त्या दिवशी मुरलीधरने पकड पुसून डब्यात ठेवली आणि घरी जाऊन न जेवता झोपला.

दिवाळीनंतर होडीने दहा हातांचाही नेम सोडला आणि ती दर आठवड्याला दुप्पट होऊ लागली. वळवायची म्हटलं तर अर्धा दिवस जाई. एका रविवारी सकाळी मुरलीधरने तळवणीच्या काठावर इंजिन सुरू केलं, आणि होडी हलायच्या आधीच तिचं पुढचं टोक बोरगावच्या काठाला लागलं. त्याच आठवड्यात धरणाच्या कार्यालयातून एक साहेब टेप घेऊन आले. पाटणकर त्यांचं नाव. त्यांनी मागच्या टोकापासून मापायला सुरुवात केली, पुढच्या टोकाला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी परत आले. मुरलीधरने त्यांना बसायला फळी पुसून दिली.

"दोन्ही काठांना एकाच वेळी टेकलेली वस्तू होडी ठरत नाही," साहेब म्हणाले. "ती पूल ठरते."

"पण साहेब, हिला इंजिन हाय की."

"पुलाला इंजिन असू नये असं कुठंही म्हटलेलं नाही." साहेबांनी टेप गुंडाळली. "पुलावरून मासेमारीला मनाई आहे. वाहनांनाही मनाई. पायी जाणाऱ्यांना हरकत नाही."

"आन् मी?"

"आपण दांडा सोडायचा नाही. सोडलात तर वाऱ्याने हे टोक फिरेल आणि पूल आडवा होईल. वर माणसं असणार, शेळ्या असणार."

"आन् ते दोघं?"

"पुढचं टोक आता जमिनीवर सरकतंय. कुणाच्या दारात शिरू नये म्हणून तिथं नजर ठेवायला माणूस हवा. मास्तर आहेत. मास्तरांना दिसत नाही, म्हणून मुलाणी आहेत. सगळं नियमात बसतंय."

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढला आणि आवाज जरा खाली आणला.

"दुसरा एक मार्ग आहे. मधोमध कापायची. दोन होड्या होतील, दोन्ही नियमात. पुढच्या होडीला वेगळं इंजिन बसवू. ते दोघं मासे धरतील, तुम्हीही धराल."

"एकट्यानं?"

"होडीत जास्तीत जास्त किती माणसं असावीत याला मर्यादा आहे. कमीत कमीला नाही."

मुरलीधरने पुढे बघितलं. होडी पाण्यावरून सरळ जात होती, बारीक होत होती आणि धुक्यात शिरत होती. त्या धुक्यात कुठेतरी जब्बार चहासाठी स्टो पेटवत असेल. कापली तर रविवारी पुन्हा पाण्यात जाता येईल, दोरी सोडता येईल, मासा आपल्या हाताने काढता येईल. आणि शेजारून दुसऱ्या कुणाचा चमचा जाणार नाही.

"नगा कापू," तो म्हणाला.

"कारण?"

"जोडल्याली हाय ती जोडल्यालीच ऱ्हाऊ दे."

साहेबांना हे कारण पुरेसं वाटलं.

अशा रीतीने तळवणी-बोरगाव पूल वापरात आला. शाळेची पोरं, दूधवाले, शेळ्या, बाजाराच्या दिवशी भाजीपाल्याच्या पाट्या घेतलेल्या बायका, एकदा तर वाजंत्र्यासकट अख्खं वऱ्हाड मुरलीधरच्या शेजारून गेलं. त्याच्यासाठी भाकरी कुणी ना कुणी आणून देई. रात्री तो दांडा काखेत धरूनच झोपायचा. मोबाईलला धरणावर रेंज नव्हती. एवढी माणसं त्याच्या आयुष्यात कधी आली नव्हती, आणि त्यातलं एकही थांबत नव्हतं. ज्याला त्याला कुठेतरी पोचायचं होतं. पुलाशी गप्पा मारायला कोण थांबणार? मुरलीधरला मनातून फार एकटं वाटे. पूर्वी बोलणं रविवारसाठी राखून ठेवता येत होतं. आता ते साठत चाललं होतं.

पुढच्या टोकाच्या बातम्या मात्र येत. काठाला टेकल्यापासून होडी पुन्हा आठवड्याला हातभरच वाढत होती; तेवढं तेवढं सरकत टोक बोरगावच्या बाजारपेठेत शिरलं. मास्तर "बाजूला व्हा" म्हणून खांबाला ओरडले. जब्बारने तिथेच शिलाई मशीन मांडली. चहाही करतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाजतो. "मुरल्याला माझा सलाम सांगा" असं तो प्रत्येकाला बजावत असे, आणि दहातला एखादा सांगतही असे.

मग एका रविवारी सकाळी दूधवाल्याने खबर आणली. "जब्बारभाई निघाल्यात. थर्मास घिऊन. म्हणले, आज मुरल्याला गरम चहा पाजल्याबिगर माघारी यीत न्हाई."

मुरलीधरने फळी पुसली. डब्यातली पकड उगीचच काढून ठेवली. एका हाताने केस सारखे केले. काय काय बोलायचं ते आठवू लागला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सगळ्यात आधी काय सांगायचं हेच ठरत नाहीये. आणि त्याला हसू आलं.

थोड्या वेळाने शेळ्या घेऊन एक धनगर आला. "येत्यात. पाय ओढत येत्यात, पर येत्यात."

दुपार कलली तेव्हा एक जोडपं आलं. "मधोमध बसलेत," बाई म्हणाली. "गुडघे चोळत होते. म्हणाले, दम खातो नि उठतो."

त्यानंतर बराच वेळ कुणी आलं नाही. ऊन उतरू लागलं तेव्हा समोरून गुलाबबाई आली. दर रविवारी तळवणीच्या बाजारात भाजी विकणारी ही बाई त्या दिवशी उशिराच चालली होती. तिच्या पाटीत मेथीच्या जुड्यांवर थर्मास होता.

"माघारी गेलं बाबा ते," ती म्हणाली. "मास्तर तिकडनं हाका मारत हुतं. टोक कुणाच्या तरी पडवीत घुसलंय म्हणं. ह्यो थर्मास तेवढा दिलाय. आन् एक इनोद सांगितलाय तुमाला सांगायला."

मुरलीधरने थर्मास उघडला. चहा गार झाला होता आणि साखर तळाशी बसली होती. थर्मासला सुतळीने एक चमचा बांधलेला होता, भोक पाडलेला. त्याने झाकणात चहा ओतला, त्या चमच्याने ढवळला आणि एक घोट घेतला.

"सांगा इनोद."

गुलाबबाईने पाटी खाली ठेवली आणि पदर सावरला. "एक मास्तर असतो. त्यो मासा धरतो. मासा म्हणतो, मास्तर, तुमी तर मला खात न्हाई, मग धरता कशाला? तवा मास्तर म्हणतो..." ती थांबली. तिने डोळे मिटून पाहिलं. "इसरले बगा. लई ग्वाड हुतं. मी हसत हसत आले निम्मी वाट."

मुरलीधर हसू लागला. आधी नुसते खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी आलं. एका हातात झाकण, दुसऱ्या हातात दांडा, त्यामुळे ते पुसता येईना. गुलाबबाईलाही हसू आलं.

"जब्बारला सांगाल?" त्याने विचारलं. "म्हणावं, मुरली हसला."

"सांगते की. बाजार करून माघारी जायचंच हाय."

"एवढंच सांगा. मुरली हसला."

दिवेलागणीला ती रिकामी पाटी घेऊन परत आली, त्याला हात करून पुढे गेली. तिची पाटी दिसेनाशी होईपर्यंत तो बघत होता. त्या रात्री होडी पुन्हा दुप्पट झाली.

दुसऱ्या दिवशी दूधवाला नेहमीपेक्षा बराच उशिरा पोचला. मुरलीधरने विचारलं, "गुलाबबाई पोचली का?"

"न्हाई अजून. वाटंतच हाय, चालतीया," दूधवाला किटली खाली ठेवत म्हणाला. "काल इनोद इसरली म्हणं, म्हणून आता इसरू ने म्हणून मोठ्यानं बोलत चाललीया. मुरली हसला, मुरली हसला."

मुरलीधरने मान हलवली आणि दांडा दुसऱ्या हातात घेतला.