भरीव वर्ग

"जाड मुलं? एका सत्रात नाहीशी करून दाखवतो!" पर्यवेक्षक सरांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं आणि आणखी एक बिस्किट चहात बुडवलं.

झालं होतं असं, की वरून आदेश आला होता. (आदेश नेहमी वरूनच येतात, खालून आलेला आदेश अजून कुणी पाहिलेला नाही!) आठवी ते दहावीच्या ज्या मुलांचं वजन फार वाढलंय, त्यांना वेगळं बसवून आरोग्याचे धडे द्यायचे. काय खावं, किती खावं, किती पळावं. काम साधं होतं. अडचण मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितली.

"कुणालाही जाड म्हणायचं नाही. लठ्ठ नाही, स्थूलही नाही. आईबाप शाळा डोक्यावर घेतील!"

आता शब्द म्हणजे तर पर्यवेक्षकांचा प्रांत! साधं बोलणं त्यांना कमीपणाचं वाटे. फळ्यावर "उद्या सुट्टी" लिहायची वेळ आली, की ते "उद्या अध्यापनकार्यास विराम" असं लिहीत, आणि निम्मी मुलं दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन हजर होत. त्यांनी डोळे मिटले, मान मागे टाकली, आणि एखाद्याला दाढदुखी सुरू व्हावी तसा चेहरा करून म्हणाले, "भरीव! भरीव विद्यार्थी वर्ग!"

विज्ञानाच्या बाईंची जीभ प्रयोगशाळेत ॲसिडशेजारी ठेवायच्या लायकीची होती. त्या म्हणाल्या, "भरीव कामगिरी म्हणतात, त्यातलं भरीव?"

"तीच तर गंमत आहे बाई! ऐकणाऱ्याला लागत नाही."

"ऐकणाऱ्याला कळतही नाही."

"तेच तर हवंय!" सर म्हणाले. आपल्याला काय हवंय हे इतकं बिनचूक सांगणारा माणूस विरळाच.

मुलं निवडायला वजनकाटा आणायची सूचना त्यांनी धुडकावून लावली. "माझी नजर आहे ना!" ते गॅलरीत उभे राहिले आणि खालच्या रांगांमधून मुलं वेचत गेले. बाजारात बटाटेसुद्धा माणूस हातात घेऊन बघतो! पहिली निवड झाली नववीतल्या एका मुलीची. तिला सगळी शाळा 'रणगाडा' म्हणायची. मुलं तोंडावर म्हणायची, शिक्षक पाठीमागे. तिनं कधी तक्रार केली नव्हती. हाक आली की वळून बघायची, झालं.

दुसऱ्या दिवशी लाउडस्पीकर खरखरला. "पुढील विद्यार्थ्यांची भरीव विद्यार्थी वर्गासाठी निवड झाली आहे!" नावं वाचली गेली. शाळेनं टाळ्या वाजवल्या. रणगाडा उभी राहिली आणि लाल झाली. तिचं खरं नाव लाउडस्पीकरवरून येण्याची ही पहिलीच वेळ होती.

संध्याकाळी सरांच्या घरी फोन वाजला. दहावीत पहिली येणाऱ्या मुलीची आई बोलत होती.

"सर, माझी मुलगी पाचवीपासून पहिला नंबर सोडत नाही. भरीव वर्गात तिचं नाव कसं नाही?"

इथे एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण ते वाक्य साधं होतं, म्हणून सरांना जमलं नाही. "मॅडम, त्याचं असं आहे... तिचं जरा वजन कमी पडलं."

पलीकडचा आवाज चढला.

"वजन कमी पडलं? अस्सं! तुमच्या शाळेतही वजन लागतं होय? थांबा, आता दाखवतेच तुम्हाला आमचं वजन!"

फोन आपटला. चहा निवायच्या आत दुसरा आला. नगरसेवक!

"सर, मी शाळेच्या कामात कधी वजन वापरत नाही. आज वापरतोय. त्या मुलीला घ्या. आणि माझा पुतण्या आहे तुमच्याकडे आठवीत, त्यालाही घ्या."

पुतण्या म्हणजे दोरीवर वाळत घातलेला शर्ट! पण सर म्हणाले, "अवश्य, अवश्य." एकदा अवश्य म्हटल्यावर मग काय! डॉक्टरची मुलगी आली, वकिलाची जुळी आली, दुकानदाराचा मुलगा आला. आठवड्याभरात भरीव वर्गात एवढी काटकुळी पोरं जमली, की पंखा लावायची भीती वाटावी! बाकं पुरेनात. मूळची मुलं आधी मागच्या बाकावर गेली, मग भिंतीला टेकली. शेवटी एका बाकावर एका रणगाड्याऐवजी दोन हुशार मुलं मावतात, हा हिशेब सरांना सुचला.

"तुम्ही जरा मैदानावर थांबा," ते मूळच्या मुलांना म्हणाले. "जागा झाली की बोलावतो."

रणगाडा म्हणाली, "पण सर, वर्ग आमचा..."

"बोलावतो म्हटलं ना!"

आणि मग त्यांनी व्याख्यान सुरू केलं. काय ते व्याख्यान! "मोहावर विजय मिळवा! ताटातलं निम्मं सोडा!" समोर बसलेल्यांच्या मनगटात बांगडी राहत नव्हती, पण सरांचं समोर लक्ष कधीच नसे. मुलं हुशार, सांगितलेलं सगळं करणारी. पहिल्या नंबरच्या मुलीनं निम्मं सोडलं. मग जास्त मार्क मिळतील या आशेनं उरलेल्यातलंही निम्मं सोडलं. एका सकाळी रांगेत उभी असताना ती काडी मोडावी तशी खाली बसली.

विज्ञानाच्या बाईंनी तिला साखरपाणी पाजलं आणि सरांना कोपऱ्यात गाठलं. "हिच्या बरगड्या लांबून मोजता येतात! हिला आणखी काय बारीक करताय? तासून पेन्सिल करायचीय का?"

"बाई, वर्ग शिस्तीत चाललाय," सर म्हणाले.

तेवढ्यात मुलीची आई आली. आता ही बाई आपल्याला फाडून खाणार, म्हणून सर टेबलामागे सरकले. पण तिचे डोळे अभिमानानं भरून आले होते! "काय कडक अभ्यासक्रम हो, सर! पोरगी घरी घाससुद्धा धड घेत नाही. असंच चालू ठेवा!"

विज्ञानाच्या बाईंनी त्याच दिवशी मुलीला आपल्या डब्यातलं खाऊ घालायला सुरुवात केली. सरांनी मात्र वजनकाटा मागवला, कारण वर अहवाल पाठवायचा होता. आणि चमत्कार! सुरुवातीला गॅलरीतून नजरेनं धरलेल्या अंदाजाच्या मानानं वर्गाचं सरासरी वजन दणादण उतरलं होतं! जाड मुलं बाहेर काढून बारीक मुलं आत घेतली, की सरासरी काय, शाळेचं छप्परसुद्धा हलकं होईल! पण अहवाल वर गेला, वरच्यांना भरून आलं, आणि एक अधिकारी फोटोग्राफर घेऊन सत्काराला आले.

सभागृह पालकांनी गच्च भरलं. नगरसेवक पहिल्या रांगेत. पहिल्या नंबरच्या मुलीची आई मधोमध, ठेवणीतले कपडे घालून. अधिकाऱ्यांनी तिच्या मुलीचा हात धरून तिला पुढे आणलं.

"पालकहो, नीट बघा हिच्याकडे! काही दिवसांपूर्वी ही मुलगी लठ्ठ होती!"

टाळीसाठी उचललेले हात हवेतच राहिले. आई उठली. "कोण लठ्ठ?"

"तुमची मुलगी का? होती. आता नाही. लाजायचं काय त्यात! जाड मुलांच्याच वर्गात आहे ना ती?"

"जाड मुलांचा वर्ग?!"

अख्खं सभागृह उभं राहिलं. नगरसेवक गरजले, "माझा पुतण्या जाड? अहो, वारा सुटला की आम्ही त्याला घरात घेतो!" वकीलसाहेब कुठलंसं कलम ओरडू लागले. फोटोग्राफर मनापासून फोटो काढत होता.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "सर, हा काय प्रकार आहे?"

"भरीव हा शब्द... व्यापक अर्थानं... म्हणजे..."

"साध्या भाषेत सांगा!"

साधी भाषा! सरांनी पुन्हा डोळे मिटले आणि मान मागे टाकली. मुख्याध्यापिकाबाईंनी मात्र ती लगेच वापरली. "नाव यांनी ठेवलं, मुलंही यांनीच घेतली. मला काही माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी भरीव वर्ग रिकामा होता. विज्ञानाच्या बाईंनी सरांच्या समोर उभं राहून एवढंच विचारलं, "ज्यांच्यासाठी वर्ग होता, ती मुलं कुठायत?"

सर मैदानावर गेले. तिथे धुरळा उडत होता. मूळच्या मुलांना अडगळीच्या खोलीत एक फुटबॉल सापडला होता आणि ती घामानं निथळत, धापा टाकत, एकमेकांवर ओरडत खेळत होती. रणगाडा दोन दप्तरांच्या मध्ये गोल अडवायला उभी होती. सर तिच्या शेजारी जाऊन थांबले.

"चला. जागा झाली."

"नको सर. इथं बरंय."

"तुम्हाला तो वर्ग कशासाठी होता, हे..."

"पहिल्याच दिवशी कळलं होतं! सगळे जाडेच रांगेत होतो, आम्ही काय येडे आहोत?" ती बॉलवरची नजर न काढता म्हणाली. "तरी छान वाटलं होतं, सर. कुणी कुणाला हसत नव्हतं. मग तुम्ही बाहेर काढलंत. जाड मुलांच्या वर्गातसुद्धा आम्हाला जागा नाही! त्या दिवशी रडले मी."

सरांना पहिल्यांदाच आतून काहीतरी टोचलं. खेद? दिलगिरी? अंतःकरणपूर्वक क्षमायाचना? ते भुवया आवळून योग्य शब्द शोधू लागले.

"सर!" ती किंचाळली. "बाजूला व्हा!"

सर झाले बाजूला. पण ज्या बाजूला व्हायचं, तिच्या विरुद्ध! बॉल त्यांच्या पाठीवर धाडकन आदळला आणि दोन दप्तरांच्या मधून सरळ आत गेला. पलीकडच्या मुलांनी आरोळी ठोकली.

"चुकलं," सर पाठ चोळत म्हणाले.

"चुकलं काय, सर," रणगाडा बॉल आणायला पळता पळता ओरडली, "हरलो ना आम्ही!"