नेत्रकोटाच्या तांबड्या सनदेची हकीकत

श्री. जी सर्वांघरी लिहिलेली असून सर्वांस वाचता येत नाही, तिला वंदन करून हकीकत लिहितो ऐसी जे, शके पक्वपेरू सातवे, ऊबनाम संवत्सरे, कोशवासाचे तिसरे दिवशी घडले ते येणेंप्रमाणे.

फळमाशीचे देही एक राज्य होते. माशी राळ्याच्या दाण्याएवढी, परंतु राज्य थोर. मस्तकी नेत्रकोट नामे किल्ला, त्यात आठशे घरे, आणि घरोघर राज्याचे संपूर्ण दफ्तर. वडिलांपासून रीत ऐसी की, आरंभी एकच मूळघर होते, आणि नवे घर उठले म्हणजे जुन्याच्या दफ्तराची कागदास कागद नक्कल करून, बासने जशी बांधलेली तशीच बांधून नव्यात न्यावी. त्या दफ्तरात तांबडी सनद म्हणून एक कागद होता. वाचनकऱ्यांचे नाईक दौलूबा आणि त्यांची माणसे तो घरोघर वाचीत, आणि मग त्या घरास तांबडा रंग चढे. ज्यांचा हा देह ते स्वामी कोशातून बाहेर पडून दर्शन देणार त्यास दोन दिवस उरले, आणि पाहतात तो कोटाची कित्येक घरे तांबडी आणि कित्येक पांढरी फटक, बांड्या बैलाच्या पाठीसारखी. स्वामींची मर्जी खट्टू जाहली आणि हुकूम जाहला की, अपराधी शोधावा आणि परवा सकाळी त्यास कोटाबाहेर घालावे. कोटाबाहेर घातला त्याचे पाणी होते, परत कोणी आला नाही.

तपास कोटाचे कारभारी गिरमाजीपंत यांचेकडे आला. पंत मोठे सावध. पाणी पिण्याअगोदर भांडे उलटे करून पाहात, कोणी रामराम केला तर याचे आपल्याकडे काय काम निघाले म्हणून दिवसभर झुरत, आणि देवापुढे डोळे मिटायचे तर एकच मिटत. त्यांनी प्रथम दौलूबांस धरिले, कारण सनद वाचणारा तोच आणि घर पांढरे म्हणजे सनद वाचली नाही. दौलूबांचे केस वाचता वाचता पांढरे जाहले होते. ते शांतपणे म्हणाले, "पंत, उघडा कागद सापडला की मी वाचतो. बांधलेल्यात माझं बोट शिरत नाही." पंतांनी मनात म्हटले, उत्तर फार तयार आहे, कोणी पढवून ठेविला असावा. मग दौलूबांवर चौकी बसविली आणि स्वतः पांढऱ्या घरांत शिरले, सनद फाडली की पळविली ते पाहावयास.

सनद होती. अक्षर न अक्षर शाबूत, कानामात्रा जागचे जागी. मात्र बासनात ऐसी आवळलेली की नख शिरेना. दहा घरे पाहिली, वीस पाहिली, तोच प्रकार. आनंद व्हावा तो राहिला बाजूस, पंत अधिकच घाबरले, कारण चोरीच नाही तर चोर कोठून आणावा. मग बासने बांधणाऱ्या बायांची मुकादमीण भिकाई, तिला बोलाविले. ती दोराचे वेटोळे खांद्यावर टाकून आली आणि सांगू लागली की, दफ्तराचे एका अंगास जुन्या लुटारूंचे कागद आहेत, ते कोणी वाचले तर लुटारू उठून दफ्तरभर धुमाकूळ घालतात, सबब ते वडिलांनी कायमचे आवळून ठेविले, आणि त्याच गाठीपासून बायांचे काम सुरू होते. पंतांनी विचारले की, लुटारूंचे कागद बांधावे हे ठीक, सनद का बांधली. भिकाई म्हणाली, "आम्हांला वाचता येत नाही, पंत. गाठ दिसली की तिच्या शेजारी गाठ मारायची आणि दोर संपला की उठायचं. कागद कुणाचा ते आम्ही बघत नाही."

तेव्हा उलगडा जाहला. कोटात मोजकीच घरे होती तेव्हा बाया घरोघर बांधीत गेल्या; ज्या घरी दोर लांब पुरला तेथे सनद गाठीत गेली आणि घर पांढरे राहिले, जेथे दोर अलीकडेच संपला तेथे सनद उघडी राहिली आणि घर तांबडे जाहले. आणि पुढे बांधल्या घरातून उठले तेही बांधलेलेच, म्हणून ठिपक्याशेजारी ठिपका. परंतु सनदेची जागा तर दफ्तराचे मध्ये, मोकळ्यावर होती. ती लुटारूंचे शेजारी आणिली कोणी, ऐसे पंतांनी डोळे वटारून विचारिले, आणि भिकाईने त्यांस मूळघरी नेऊन फळीवरून एक चिठ्ठी काढून पुढे ठेविली. चिठ्ठीत मजकूर ऐसा की, तांबडी सनद मोलाची, उघड्यावर राहिल्यास कोणी पळवील, सबब घट्ट बासनाचे लगत ठेवावी. खाली सही गिरमाजी. "कोट एका घराचा होता तेव्हा तुम्हीच आणून वाचून दाखवलीत," भिकाई म्हणाली.

पंतांस प्रथम वाटले की आपल्या अक्षराची नक्कल कोणी केली. म्हणून तोच मजकूर पुन्हा लिहून पाहिला, तो वेलांटी तीच आणि शेवटचा फराटाही तोच. मग घटकाभर त्यांनी स्वतःचाच संशय घेतला, आणि तो खरा निघाला. दौलूबा निर्दोष हे त्यांस पक्के कळले. लाजही वाटली. परंतु कोटाबाहेरच्या पाण्याची भीती लाजेहून मोठी, आणि पंतांनी निवाड्याचा कागद लिहिला की, दौलूबाने कसूर केली, त्यास परवा सकाळी बाहेर घालावे. राज्याचा कायदा ऐसा की, कागद दरबारी वाचला जाईल तेव्हा अंमल. तोवर तो कारकुनाकडे देववेना, कारकून फुटला तर काय करावे. म्हणून निवाडा मूळघरीच ठेविला. चिठ्ठी फाडावी तर मूळघरचा कागद फाडण्यास वडिलांची बंदी, म्हणून ती निवाड्याशेजारी ठेविली, लुटारूंच्या बासनास दुसऱ्या अंगाने टेकविली आणि भिकाईस फर्माविले की चिठ्ठी बांध. तिने दोर पाहून विचारले, "एवढीच?" पंतांस वाटले, ही आता बोलणे वाढवून भेद काढणार. म्हणाले, "विचारू नकोस. बांध." भिकाईने बांधावयास घेतले आणि पंत घरी गेले. त्या दिवशी दोर नवा होता, लांब होता.

ठरल्या सकाळी दरबार भरला, दौलूबांस मुसक्या बांधून उभे केले, आणि स्वामींनी निवाडा मागितला. पंत मूळघरी गेले, पाहतात तो लुटारूंचे बासन, त्यास लागून चिठ्ठी, त्यास लागून निवाडा, सर्व एका गाठीत, दगडासारखे. निवाडा सोडवावा तर त्याच गाठीतली चिठ्ठीही सुटते, आणि सुटली ती दौलूबाच मोठ्याने वाचणार. पंत रिकाम्या हाताने परत आले. स्वामींनी पुसले, "कागद हरवला काय?"

"नाही महाराज," पंत म्हणाले, "शाबूत आहे. वाचता येत नाही."

न वाचलेल्या कागदाचा अंमल नाही, आणि एका प्रकरणी दुसरा निवाडा लिहिण्याची रीत नाही, सबब दौलूबांच्या मुसक्या सुटल्या आणि स्वामी ठिपक्याठिपक्यांच्या नेत्रानिशी कोशाबाहेर आले.

सारांश इतकाच की, या प्रकरणी कागद एकही फाटला नाही, एकही चोरीस गेला नाही. दौलूबा पूर्ववत मूळघरी वाचीत असतात. पंत रोज त्यांचेसमोर बसतात, बासनावरून नजर काढीत नाहीत, आणि दौलूबांनी रामराम केला की त्यांस घाम सुटतो.