ठकूआक्का गेंडीची कंबर

एका जंगलात एकच तळं होतं, आणि त्या तळ्याभोवती एके दिवशी गोल्फचं मैदान उगवलं. काटेरी कुंपणासकट.

गोल्फ म्हणजे काय, बाळांनो? एक चेंडू असतो, एक काठी असते, आणि लांबवर एक भोक असतं. चेंडू त्या भोकात घालायचा. उचलून नेऊन टाकला तर चालत नाही. मोठी माणसं याला खेळ म्हणतात. जंगलातली मोठी जनावरंही म्हणू लागली.

वाघमहाराजांनी फर्मान काढलं, "तळं आता मैदानात आलं. ज्याला गोल्फ येईल तो सभासद. पाणी सभासदानेच प्यावं."

"आणि बाकीच्यांनी?" ठकूआक्का गेंडीने विचारलं.

"बाकीच्यांनी शिकावं."

ठकूआक्का वयाने मोठी, अंगाने त्याहून मोठी, आणि तोंडाचं तर विचारूच नका. पण उन्हाळा आलेला. दुसरं पाणी डोंगरापलीकडे, आणि तिचे गुडघे डोंगर चढण्यातले राहिले नव्हते. गेली मुकाट शिकायला.

शिकवायला करकोचा होता. तो दर हिवाळ्यात परदेशातून यायचा, म्हणून त्याला सगळं येतं असं ठरलेलं. यंदा मानधन मिळतंय म्हटल्यावर परत जायचं राहूनच गेलं. स्वतः त्याने कधी चेंडू मारला नव्हता. पाय मोडतील म्हणे.

"फटका हातांनी मारायचा नसतो," तो म्हणाला. "फटका कमरेतून येतो. आधी डोकं स्थिर. खांदे मागे वळवा, कंबर शक्यतो जागीच. अंगाला पीळ बसला पाहिजे, धुतलेल्या चादरीसारखा. मग कंबर सोडा. तिच्यामागून खांदे येतील, हात येतील, काठी येईल. शेवटी पोट भोकाकडे, मागची टाच वर, नजर आभाळात."

"ती कंबर कुठली, तेवढी दाखव आधी," ठकूआक्का म्हणाली. "माझी मान संपते तिथे शेपूट सुरू होतं."

करकोच्याने तिच्याभोवती प्रदक्षिणा घातली. कंबर सापडली नाही.

"लवचिकता कमी आहे," तो म्हणाला. "रोज सकाळी झाडाला टेकून अंग वळवा."

ती वळवू लागली. झाड पडलं. तिने दुसरं घेतलं.

कुंपणाबाहेरून सगुणा रानडुकरीण बघत होती. तिला करकोच्याने पहिल्याच दिवशी नापास केलं होतं.

"काय गं आक्का, या वयात नाच शिकतेस?"

"गप बस, सटवे! तहान लागली की कळेल."

"लागलीये की. म्हणून तर इथे बसलेय. तेवढाच विरंगुळा."

परीक्षेच्या दिवशी अख्खं जंगल जमलं. ठकूआक्काने काठी धरली. डोकं स्थिर. खांदे मागे. आणखी मागे.

"पीळ! पीळ!" करकोचा ओरडला.

तिने पीळ घेतला, आणि सोडला.

काठी चेंडूवरून निघून गेली. चेंडूला वारासुद्धा लागला नाही. ठकूआक्काच्या पाठीत मात्र 'कट्' झालं आणि उसण भरली. अशी भरली, की ती होती तशीच राहिली. पोट भोकाकडे, मागची टाच वर, नजर आभाळात.

करकोच्याचे डोळे भरून आले. "हीच ती मुद्रा! बघा, तसूभर हलत नाही!"

"हलता येत नाही, मेल्या!"

"आणि विनय बघा!"

चेंडूकडे कुणी पाहिलंच नाही. ठकूआक्काचा पहिला नंबर आला. गळ्यात हार पडला. सगळ्यांना आदर्श दिसावा म्हणून हत्तींनी तिला उचलून तळ्याच्या काठावर ठेवलं.

समोर गार पाणी. पण मान खाली जाईना.

इकडे वाघमहाराजांना ते खुपलं. गेंडीला जमतं आणि राजाला जमत नाही? त्यांनी काठी मागवली, पीळ घेतला. कट्! महाराज आभाळ बघतायत म्हटल्यावर प्रधान अस्वलही वळला. कट्! मग कोल्हा, मग सांबर, मग ते हत्ती. दुपारपर्यंत झाडून सगळे सभासद टाचा उचलून तळ्याकाठी उभे. डोक्यावर ऊन, तळं काठोकाठ, आणि थेंब कुणाच्या तोंडात नाही.

करकोचा एकेकाला शाबासकी देत फिरत होता. सगुणा कुंपणापाशी लोळून हसत होती.

"हसतेस काय? आत ये आणि ढकल मला!"

"मी नापास, आक्का. आत आले तर महाराज फाडतील."

"आधी वळून तर दाखवू दे त्यांना!"

सगुणाने कुंपणाखालून नाक घातलं, मग अंग घातलं. आधी सरळ तळ्यावर गेली आणि पोटभर प्यायली.

"आटप गं!"

"थांब जरा. नापासांना घाई नसते."

मग ती मागे सरली, धावत आली आणि ठकूआक्काच्या बुडाला अशी धडक दिली, की पाठ पुन्हा 'कट्' झाली आणि गेंडी डोक्यावर तळ्यात.

"मुद्रा मोडली!" करकोचा किंचाळला. "सभासदत्व रद्द!"

ठकूआक्का घटाघटा पाणी पीत होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिचं तोंड दुसऱ्या कामात होतं.

तेवढ्यात काठावरून बारीक आवाज आला. आभाळाकडे बघतच वाघमहाराज म्हणाले, "बाई... एक धक्का इकडेही."

सगुणाने ठकूआक्काकडे पाहिलं. ठकूआक्काने सावकाश तोंड वर काढलं.

"देऊ की," ती म्हणाली. "पण तुम्ही राजे. तुम्हाला धडक द्यायची तर लांबून धावत यायला हवं. आधी आम्ही ते कुंपण पाडून घेतो."

तात्पर्य : मन लावून शिकावं आणि पहिला नंबर काढावा. मात्र कुंपणाबाहेर एखादी नापास मैत्रीण राखून ठेवावी.